काटकसरीचा संसार: सुरुवात कुठून करायची

काटकसर करायचं ठरलं की बहुतेक जण आधी लहानसहान आनंदांवर कुऱ्हाड चालवतात. आवडीचं मासिक बंद, मुलांचा खाऊ बंद, मित्रांबरोबर बाहेर जाणं बंद. महिनाभरात घरातली सगळी माणसं चिडचिडी होतात. मग एके दिवशी बांध फुटतो आणि जेवढं वाचवलं होतं त्याच्या दुपटीने खर्च होतो. यात माणसांचा दोष नसतो, चुकलेला असतो तो क्रम. ज्या खर्चातून घरात कुणालाच काही मिळत नाही, तो आधी शोधून बंद करावा. ज्यातून खरंच सुख मिळतं त्याला सगळ्यात शेवटी हात लावावा, आणि बहुतेक घरांत तोवर हात लावायची वेळच येत नाही.

हे लिहिलं आहे ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी. नुकताच संसार थाटलेलं जोडपं, पहिली नोकरी लागून एकटे राहणारे, किंवा पगार बरा असूनही महिनाअखेर हात रिकामा का राहतो हे कोडं न सुटलेलं कुटुंब. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ज्या घरात पोटापुरतंही येत नाही, तिथे जाऊन काटकसरीचा उपदेश करणं क्रूर आहे. ती माणसं इतर कुणाहीपेक्षा जास्त काटकसर आधीच करत असतात. त्यांना गरज असते मिळकतीची.

पहिला महिना: फक्त लिहा

पहिल्या महिन्यात काहीही कमी करायचं नाही. नेहमीसारखं जगायचं आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराचा खर्च वहीत उतरवायचा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची अशी वही छापून काढली. ‘काकेबो’ या नावाने ती पद्धत आजही वापरात आहे. मोबाइलवर हिशेब ठेवणारी अ‍ॅप भरपूर आहेत, पण सुरुवातीला कागद-पेनच घ्या असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हाताने आकडा लिहिताना तो मनात उमटतो. अ‍ॅप आपोआप नोंद करतं, म्हणून आपण तिकडे बघतच नाही.

पानावर चार रकाने आखा. तारीख, कशासाठी, किती, आणि चौथा रकाना कोरा. हा चौथा रकाना आठवडा उलटल्यावर भरायचा. प्रत्येक नोंदीपुढे स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आज परत वेळ आली तर हा खर्च करीन का? करीन असं वाटलं तर बरोबरची खूण, नाही वाटलं तर फुली. खर्च करताना आपण जे मनाला पटवलेलं असतं त्याचा रंग आठ दिवसांत उतरलेला असतो, त्यामुळे उत्तर प्रामाणिक येतं.

महिनाअखेर फुल्यांवरून बोट फिरवत जा. एखादा नमुना हमखास दिसतो. कुणाच्या फुल्या थकव्याच्या दिवशी पडलेल्या असतात: उशिरा घरी आलो, डोकं चालत नव्हतं, बसल्या बसल्या काहीतरी मागवलं. कुणाच्या फुल्या ‘सवलत होती’ म्हणून घेतलेल्या वस्तूंपुढे असतात. कुणी लोकांदेखत मान राहावा म्हणून पाकीट उघडलेलं असतं. कारण कळलं की उपायही सापडतो. थकव्याच्या दिवशी खर्च होत असेल तर त्या दिवसासाठी झटपट होणारं काहीतरी घरात आधीच तयार ठेवायला हवं. अशा वेळी मनाला नुसता धाक दाखवून फार दिवस भागत नाही.

पैसे कसे देतो यानेही फरक पडतो. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या दोन अभ्यासकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे सामन्याची तिकिटं लिलावाला ठेवली होती. पैसे कार्डाने भरायचे आहेत असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी रोखीवाल्यांच्या सुमारे दुप्पट बोली लावली. खिशातून नोट काढून देताना मनाला जी बोच लागते ती कार्ड घासताना किंवा फोन दाखवताना लागत नाही. म्हणून ज्या बाबतीत तुमच्या फुल्या जास्त, तेवढ्या बाबतीत रोख वापरा. महिन्याचे पैसे वेगळ्या पाकिटात काढून ठेवायचे आणि पाकीट रिकामं झालं की तो विषय पुढच्या महिन्यावर.

दुसरा महिना: गुपचूप जाणारे पैसे

आता खातेपुस्तक किंवा बँकेचं विवरण काढा आणि आपोआप वजा होणाऱ्या रकमा शोधा. न बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या, व्यायामशाळेची विसरलेली वर्गणी, महिनाभर फुकट म्हणून घेतलेली आणि नंतर सुरूच राहिलेली सेवा. ज्यांचा उपयोग महिन्याभरात एकदाही झाला नाही त्या बंद करा. खरंच अडलं तर परत सुरू करायला कुणी अडवत नाही.

पण खरी गळती व्याजात असते, आणि इथे मी जरा थांबणार आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला ३ टक्क्यांनी वाढत असेल, तर ऐकताना आकडा किरकोळ वाटतो. वर्षाचे ३६ टक्के होतात असंही आपण तोंडी हिशेबाने म्हणतो. पण व्याजावर व्याज चढत जातं, म्हणून प्रत्यक्षात वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांहून अधिक होतात. रक्कम किती काळात दुप्पट होईल हे काढायची सोपी युक्ती अशी: ७२ ला व्याजदराने भागायचं. महिन्याला ३ टक्के असेल तर ७२ भागिले ३, म्हणजे २४ महिने. दोन वर्षांत कर्ज दुप्पट. ‘किमान देय रक्कम’ भरून आपण सुटलो असं वाटतं, पण त्या रकमेचा बराचसा भाग व्याजातच जातो आणि मुद्दल जवळपास जागच्या जागी राहतं.

म्हणून सगळी कर्जं एका कागदावर लिहा, प्रत्येकापुढे व्याजदर लिहा, आणि सर्वांत जास्त दराचं कर्ज आधी फेडा. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवायचे, हाताला लागलेला प्रत्येक जादा पैसा मात्र त्या एकावर घालायचा. ३६ टक्क्यांचं कर्ज अंगावर ठेवून ६-७ टक्क्यांच्या ठेवीत पैसे टाकणारी घरं कमी नाहीत. बचतीचा आकडा वाढताना बघून बरं वाटतं, पण घर दर महिन्याला खाली जात असतं.

त्याच वेळी अडीनडीसाठी थोडी रक्कम बाजूला हवीच, नाहीतर पहिल्याच आजारपणात पुन्हा कर्ज काढावं लागतं. सुरुवातीला एका महिन्याचा खर्च भागेल एवढी, मग हळूहळू तीन ते सहा महिन्यांची. ही रक्कम पगार झाला त्याच दिवशी वेगळ्या खात्यात वळवायची. महिनाअखेर जे उरेल ते टाकू म्हटलं की काही उरत नाही. काटकसरीतून मिळणाऱ्या समाधानाचा मोठा वाटा या एका रकमेत असतो. फोन वाजला तरी छातीत धस्स होत नाही, हे सुख विकत घेता येणाऱ्या बऱ्याच सुखांपेक्षा मोठं आहे.

वीज, पाणी, इंधन

दिवे बंद करा म्हणून दिवसभर ओरडणारं माणूस प्रत्येक घरात असतं. दिवे बंद करावेतच, पण आधी कोणतं उपकरण किती खातं ते बघा. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की १ युनिट वीज लागते. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात १ युनिट संपवतो. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा १११ तास जळतो. तेव्हा गिझर चालू ठेवून विसरणं आणि दिवा चालू ठेवून विसरणं यांची बरोबरीच होऊ शकत नाही. लक्ष द्यायचा क्रम असा ठेवा: आधी उष्णता देणारी उपकरणं, मग थंड करणारी, मग मोटरवर फिरणारी, आणि सर्वांत शेवटी दिवे. जुने तारेचे बल्ब अजून असतील तर ते मात्र लगेच बदला. त्यांना दिलेल्या विजेपैकी सुमारे ९० टक्के विजेची उष्णता होते, उजेड थोडाच पडतो.

फ्रीजचं दार नीट बसतं का हे एका कागदाने कळतं. कागद दारात अर्धा आत, अर्धा बाहेर धरून दार लावा आणि ओढा. अडकला तर ठीक. सहज निसटून आला तर तिथलं रबर ढिलं झालं आहे आणि आतला गारवा सतत बाहेर जातो आहे. आधी रबर ओल्या फडक्याने पुसून बघा. कितीदा तरी चिकट मळामुळेच ते नीट टेकत नाही. दाराच्या चारही बाजूंनी ही परीक्षा घ्या, कारण ढिलेपणा बहुधा एखाद्याच कोपऱ्यात असतो. आतलं तापमान ४ अंश सेल्सियसच्या आसपास पुरतं.

शेगडीवर पाण्याला उकळी फुटली की आच कमी करा. उघड्या भांड्यात पाणी साधारण १०० अंशांच्या वर तापतच नाही, मग ज्वाला कितीही मोठी असो. मोठ्या आचेने फक्त वाफ जास्त होते, शिजणं लवकर होत नाही. भांड्यावर झाकण ठेवणं ही एवढीशी सवय, पण तिने इंधनही वाचतं आणि वेळही.

नळ सेकंदाला एक थेंब गळत असेल आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटर पाणी वाया जातं. वर्षाचा हिशेब ८००० लिटरच्या जवळ जातो. बहुतेक वेळा एक वॉशर बदलला की काम होतं. संडासाच्या फ्लशची टाकी गळत असेल तर तिचा आवाजही येत नाही. तिच्यात खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचं रबरी झाकण खराब झालं आहे.

स्वयंपाकघर

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली जगभरात विक्रेते, उपाहारगृहं आणि घरं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. पैसे देऊन आणलेलं, वाहून आणलेलं, कदाचित शिजवलेलंही अन्न. घरखर्चातली ही जागा अशी आहे की इथे बचत करायला कुणाला काहीही सोडावं लागत नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी डबे आणि फ्रीज उघडून बघा, मग यादी करा. नवीन सामान आलं की जुनं पुढे ओढायचं आणि नवीन मागे लावायचं. फ्रीजमध्ये डोळ्यांसमोर येणारा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून राखून ठेवा. उरलेलं, अर्धं चिरलेलं, तारीख जवळ आलेलं सगळं तिथे. ‘आज काय करू’ या प्रश्नाचं उत्तर आधी त्या कप्प्याला विचारायचं. दृष्टीआड सृष्टी हे फ्रीजइतकं दुसरीकडे कुठे खरं ठरत नसेल. तळाच्या खणात कोपऱ्यात गेलेली भाजी सडूनच बाहेर येते.

शिजवलेलं अन्न उरलं तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि पुन्हा खाताना वाफा येईपर्यंत गरम केलं पाहिजे. बिघडल्याची शंका आलेलं अन्न वाचवण्याच्या नादात खाऊ नका. दवाखान्याच्या एका फेरीत महिन्याची बचत जाते. मोठं पाकीट स्वस्त असतंच असं नाही, म्हणून किलोमागे किंवा लिटरमागे भाव काढून बघायचा. आणि मोठं घेतलंच तर ते खराब होण्याआधी संपणार आहे का, हेही बघायचं. भुकेल्या पोटी खरेदीला जाऊ नये, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

नवी वस्तू घेताना

हवीशी वाटलेली वस्तू वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा. छोटी असेल तर आठवडाभर, मोठी असेल तर महिनाभर थांबा. मुदत संपल्यावरही तेवढीच हवीशी वाटली तर आनंदाने घ्या, मनात अपराधीपणा न ठेवता. त्या पानावरच्या बऱ्याचशा ओळी वाचताना तुम्हालाच नवल वाटेल की हे आपल्याला हवं होतं.

फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली मांडलं की माणसाला सुखाची सवय होते: परिस्थिती सुधारली की काही दिवस बरं वाटतं, मग तीच पातळी नेहमीची वाटू लागते आणि नजर पुढच्या गोष्टीवर जाते. नवी वस्तू आली की शेजारची जुनी वस्तू एकदम कळकट दिसायला लागते, हाही त्याचाच भाग. कपाट नवं आलं म्हणून पडदे बदलले, पडदे बदलले म्हणून भिंत रंगवली. घेताना त्या एका वस्तूची किंमत बघू नका, तिच्यामागून येणाऱ्या रांगेची बघा.

मात्र प्रत्येक ठिकाणी स्वस्त शोधणं ही काटकसर होत नाही. रोज पायात घालायचे बूट, ज्यावर आयुष्याचा तिसरा हिस्सा झोपतो ती गादी, घरातलं वायरिंग, हेल्मेट, औषधं यांत हात आखडता घेऊ नये. किंमतीला वापराच्या दिवसांनी भागून बघा. दुप्पट किमतीची वस्तू चौपट टिकणार असेल तर तीच स्वस्त. वर्षातून एकदा लागणारी शिडी किंवा ड्रिल मात्र शेजाऱ्याकडून मागून आणावी, आणि आपल्याकडचं काही त्यालाही मोकळ्या हाताने द्यावं.

आहे ते टिकवणं

मला काटकसरीतलं सर्वांत आवडतं काम हे. सुई-दोरा हाती धरायला जमलं तरी पुष्कळ झालं. शर्टाचं बटण लावायचं उदाहरण घ्या. बहुतेक जण ते कापडाला गच्च आवळून टाकतात, मग काजात घालताना कापड ओढलं जातं आणि बटण पुन्हा तुटतं. त्याऐवजी बटणाच्या वर एक आगकाडी आडवी ठेवायची आणि तिच्यावरून टाके घ्यायचे. पाच-सहा टाके झाले की काडी काढून घ्यायची, बटण वर ओढायचं. कापड आणि बटण यांच्यामध्ये दोऱ्याची थोडी सैल मान तयार होते. त्या मानेभोवती दोऱ्याचे तीन-चार वेढे द्यायचे आणि कापडाच्या मागच्या बाजूला गाठ मारायची. असं बटण शर्ट विरेपर्यंत टिकतं.

चेन अडकत असेल तर तिच्या दातांवर पेन्सिलीचं शिसं घासा. गडद कपडे उलटे करून धुवा आणि सावलीत वाळवा, रंग टिकतो. धुण्याची पावडर डब्यावर सांगितल्यापेक्षा जास्त घालू नका; जास्तीची पावडर कपड्यात आणि यंत्रात साठून राहते.

स्वतः दुरुस्त केलेल्या वस्तूकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. ती हातात घेतली की तिचं वजन, तिची खोड, ती कुठे कमकुवत आहे हे ठाऊक असतं. तशा वस्तूंनी भरलेल्या घरात नवीन काही आणायची घाई आपसूक कमी होते. काटकसरीने मन कसं निवतं, असं कुणी विचारलं तर मी याच कामाकडे बोट दाखवीन.

सुखाचे प्रसंग विरळ ठेवा, पण ठेवा

ग्रीक विचारवंत एपिक्युरसचं नाव चैनीशी जोडलं जातं, पण तो स्वतः अगदी साधं जेवायचा. एका मित्राला त्याने लिहिलं होतं की थोडं चीज पाठवून दे, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. रोजचं साधं असेल तर थोड्याशा वेगळ्याची मेजवानी होते. तुमच्या वहीत चौथ्या रकान्यात जिथे सतत बरोबरची खूण आली आहे ती दोन-तीन सुखं ओळखा. त्यांच्यासाठी दर महिन्याला पैसे राखून ठेवा, आणि ती रोजची होऊ देऊ नका.

देण्याचा हातही आखडू नका. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं की मिळालेले पैसे दुसऱ्यासाठी खर्च करणारी माणसं दिवसअखेर स्वतःवर खर्च करणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी असतात, आणि रक्कम लहान असली तरी. ज्या घरातून कुणाला काही जात नाही त्या घराला लोक चिक्कू म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

घरातली माणसं

एकट्याने घेतलेला काटकसरीचा निर्णय घरावर लादला की भांडणं होतात. महिन्यातून एकदा वही मध्ये ठेवून सगळ्यांनी बसायचं. मुलांनाही बसवा, विजेचं बिल वाचता येणारं मूल गिझर बंद करायला स्वतःहून उठतं. कमावतं असो वा नसो, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दर महिन्याला थोडी रक्कम अशी द्या की जिचा हिशेब कुणी मागायचा नाही. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ‘कशाला घेतलंस’ हा प्रश्न तिच्याबाबतीत तोंडातून निघता कामा नये.

जोडीदाराला हे सगळं पटत नसेल तर त्याच्या किंवा तिच्या वस्तूंपासून सुरुवात मुळीच करू नका. विसरलेली वर्गणी बंद करा, फ्रीजचं रबर पुसा, गळका नळ दुरुस्त करून घ्या, व्याजाचा कागद तयार करा. पहिल्या दोन महिन्यांत जे वाचेल त्यातला एक भाग त्याच्या किंवा तिच्या आवडीच्या गोष्टीवर खर्च करा, आणि तो पैसा कुठून आला हे तेव्हा सांगा.